मोटारीतील एलईडी रोषणाई : कारागिराने शिकावयाचा धडा

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या दिव्यांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण त्यामागे एक कारण आहे. 2022 च्या रमजानमधील गोष्ट. तरावीहनंतर आम्ही मालेगावहून नाशिकला साड्यांची पार्सले घेऊन निघालो होतो. गाडी सात आसनी, मागचे बाकडे दुमडून माल भरलेला. दोनच आठवड्यांपूर्वी घरातील मुलांच्या हट्टाखातर गाडीत रंगीत एलईडी पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. राहूड घाट जवळ आला आणि डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. पाहता पाहता धूर निघाला. गाडी बाजूला घेऊन पोराने बॉनेट उघडले, पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढला, तेव्हा धूर थांबला. अल्लाहची मेहेरबानी, की आग कापडापर्यंत पोचली नाही. मागे भरलेल्या मालात बहुतेक कृत्रिम धाग्याच्या साड्या होत्या. तो माल पेटल्यावर काय होते ते कापडवाल्याला सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वायर काढून पाहिली. ती थेट बॅटरीवरून घेतलेली होती, मध्ये फ्यूज नव्हता. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधील पत्र्याच्या भोकातून ती तशीच आत ओढली होती. पत्र्याच्या धारेने वरचे आवरण कापले गेले, आतले तांबे पत्र्याला टेकले आणि वायर तापून जळाली.

आम्ही रागानेच त्या कारागीर मुलाकडे गेलो. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. तो खाली मान घालून म्हणाला, "चाचा, फ्यूज लावायचा असतो हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही दुसऱ्या दुकानाचा भाव सांगून पैसे कमी करायला लावलेत. मग मी सामानातच काटछाट केली. आणि बॅटरीपासून किती अंतरावर लावायचा, किती अँपिअरचा लावायचा, हे तर मला कुणी शिकवलंच नाही."

त्याच्या उत्तराने आमचा राग निम्मा उतरला, कारण भाव पाडणारे आम्हीच होतो. नंतर त्या मुलाला घेऊन आम्ही मोटारीच्या विजेचे काम आयुष्यभर केलेल्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडे चार-पाच वेळा जाऊन बसलो. तेथे जे शिकलो ते आमच्या तरुण कारागीर बंधूंसाठी येथे मांडत आहोत. लूमचा धंदा मंद झाला की आपली अनेक मुले गॅरेज आणि मोटार सजावटीच्या कामाकडे वळतात. या कामात कमाई आहे, तशीच जबाबदारीही आहे.

माल ओळखणे

एलईडी म्हणजे विजेचा प्रवाह एका दिशेने गेल्यावर उजेड देणारा लहानसा तुकडा. दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी 1962 साली दाखविला. निळा एलईडी बनविण्यास पुढे तीस वर्षे लागली. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाला म्हणूनच आजचा पांढरा एलईडी शक्य झाला.

मोटारीत लावावयाची पट्टी साधारणपणे 5 मीटरच्या गुंडाळीत मिळते आणि कापडासारखीच मीटरवर विकली जाते. 12 व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि त्यांचा रेझिस्टर असा एकेक गट असतो. दोन गटांच्या मध्ये कैचीची खूण असते. तेथेच कापावे. खूण सोडून कापले तर तेवढा गट मरतो.

पट्टीवर 3528 किंवा 5050 असे आकडे असतात. ते एलईडीचे माप आहे, म्हणजे 3.5 गुणिले 2.8 मिलिमीटर किंवा 5 गुणिले 5 मिलिमीटर. मीटरला 60 दिवे असलेली 3528 पट्टी साधारण 4.8 वॅट घेते, तर तेवढ्याच दिव्यांची 5050 पट्टी 14.4 वॅट घेते. दिसायला पट्ट्या सारख्या, पण विजेचा खर्च तिप्पट. हा फरक न ओळखणारा कारागीर वायर आणि फ्यूज दोन्ही चुकीचे निवडतो.

मुंबईत लोहार चाळीसारख्या घाऊक बाजारात नाना तऱ्हेचा माल मिळतो. आपण ताका घेताना पन्हा मोजतो, धागा पाहतो, तसे येथेही करावे. मीटरला दिवे किती ते मोजावे. पूर्ण 5 मीटरची गुंडाळी सोडून, पसरवून पेटवावी. सुरुवातीचे दिवे झगझगीत आणि शेवटचे मंद दिसले तर पट्टीतील तांबे पातळ आहे असे समजावे. दहा मिनिटांनी हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल इतकी पट्टी तापली तर तो माल गाडीत लावण्याच्या लायकीचा नाही.

अँपिअरचा हिशेब

हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. समजा चारही पायांजवळ मिळून 2 मीटर 5050 पट्टी लावली. 14.4 गुणिले 2 म्हणजे 28.8 वॅट. त्याला 12 ने भागले की 2.4 अँपिअर झाले. पूर्ण 5 मीटर लावली तर 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर.

येथे एक गोष्ट बहुतेक कारागीर विसरतात. बॅटरीला आपण 12 व्होल्टची म्हणतो, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट देतो. पट्टीतील तीन पांढरे एलईडी मिळून सुमारे 9 व्होल्ट घेतात आणि उरलेले रेझिस्टरवर पडतात. 12 व्होल्टवर रेझिस्टरच्या वाट्याला 3 व्होल्ट येतात, तर 14.4 व्होल्टवर 5.4. म्हणजे प्रवाह जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि रेझिस्टरची उष्णता साधारण तिप्पट. घरी अडॅप्टरवर तपासलेली पट्टी गाडीत सहा महिन्यांत काळी का पडते, याचे हे कारण आहे. यावर उपाय दोन. मोटारीसाठीच बनविलेली पट्टी घ्यावी, नाही तर मध्ये 12 व्होल्टवर स्थिर ठेवणारे छोटे कन्व्हर्टर बसवावे.

फ्यूज आणि वायर

फ्यूज दिव्याला वाचवतो असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तो वायरीला वाचवतो. मोटारीची बॅटरी स्टार्टर फिरविताना शेकडो अँपिअर देते. तेवढी ताकद शॉर्ट झालेल्या बारीक वायरीत शिरली तर वायर काही सेकंदांत लाल होते. म्हणून पुढील नियम पाळावेत.

1. लाईन बॅटरीवरून घ्यायची असेल तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवावा. डॅशबोर्डखाली बसविलेला फ्यूज त्याच्या अलीकडच्या वायरीला वाचवू शकत नाही. आमच्या गाडीत वायर नेमकी तेथेच जळाली होती.

2. फ्यूज लोडपेक्षा थोडा मोठा, पण वायरीच्या क्षमतेपेक्षा लहान असावा. वरील 2.4 अँपिअरच्या कामाला 5 अँपिअरचा फ्यूज आणि 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेशी होते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून 20 अँपिअरचा घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे, म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. फ्यूज का उडतो ते शोधणे हेच कारागिराचे काम आहे.

3. आतील लहान कामासाठी बॅटरीपर्यंत जाण्याची गरजच नाही. फ्यूज पेटीतून फ्यूज टॅप लावून, चावी फिरविल्यावरच चालू होणारी लाईन घ्यावी. मूळ वायर सोलावी लागत नाही आणि चावी काढली की दिवे आपोआप बंद होतात.

4. वायर पत्र्यातून न्यायची असेल तर भोकात रबरी ग्रोमेट बसवलाच पाहिजे. वर जाळीची किंवा नालीदार स्लीव्ह घालावी. क्लच, ब्रेक आणि एक्सिलरेटर यांच्या जवळून वायर लोंबकळत जाऊ देऊ नये. दर वीतभरावर टायने बांधावी.

5. जॉइंट पिळून टेप गुंडाळू नये. उन्हात उभ्या गाडीत टेपचा चिकटपणा जातो आणि ती सुटते. चांगला क्रिम्प करावा किंवा डाख द्यावा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

6. अर्थ घेताना रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर बोल्टने घट्ट करावा. सैल अर्थ म्हणजे लुकलुकणारा दिवा आणि तापणारा जॉइंट.

अनेक दिवे एकत्र चालवायचे असतील तर रिले लावावा. चार पायांच्या रिलेवर आकडे कोरलेले असतात. 30 वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी लाईन, 87 वरून दिव्यांकडे जाणारी, आणि 85 व 86 या कॉइलच्या दोन टोकांपैकी एकाला स्विचची लाईन, दुसऱ्याला अर्थ. एवढे पाठ केले तरी निम्मे काम सोपे होते.

गाडीच्या आतील काम

पायांजवळ, आसनाखाली किंवा सामान ठेवण्याच्या जागेत मंद दिवा हा उपयोगाचा असतो. वृद्ध माणसाला चढता-उतरताना दिसते, पडलेली वस्तू सापडते. पण पट्टी अशा जागी लपवावी की दिवा थेट डोळ्यांत येणार नाही. डॅशबोर्डच्या वर लावलेल्या पट्टीचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि रात्री समोरचा रस्ता पुसट होतो. रात्री चालविणाऱ्याला झगझगीत पांढऱ्या किंवा निळ्यापेक्षा मंद पिवळसर उजेड बरा. रंग बदलणारी आणि लुकलुकणारी रोषणाई गाडी चालू असताना लक्ष वेधून घेते. म्हणून ती गाडी चालू असताना बंदच राहील अशी जोडणी करावी.

सर्वांत मोठी सावधगिरी एअरबॅगची. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. अनेक गाड्यांत आता समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांत आणि छताच्या कडेलाही एअरबॅग असते. तिचे कपलर व वायरीची स्लीव्ह बहुधा पिवळ्या रंगाची असते. पिवळे दिसले की हात मागे घ्यावा. तेथे टेस्ट लॅम्प लावू नये, तेथून लाईन घेऊ नये आणि एअरबॅगच्या झाकणावरून पट्टी नेऊ नये. एअरबॅग फुटते तेव्हा वाटेतील वस्तू गोळीसारखी सुटते.

बॅटरीचाही विचार करावा. वरील 2.4 अँपिअरचे दिवे रात्री आठ तास चालू राहिले तर 19 अँपिअर-तासांहून अधिक वीज जाते. लहान मोटारीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. अर्ध्याहून जास्त गेल्यावर सकाळी गाडी सुरू न होणे साहजिक आहे, आणि गिऱ्हाईक शिव्या आपल्यालाच देणार.

बाहेरील काम आणि कायदा

गाडीच्या बाहेरच्या दिव्यांची गोष्ट वेगळी आहे. तो दिवा रस्त्यावरील परक्या माणसाच्या डोळ्यांत जातो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरविलेल्या आणि नोंदणीत असलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे समोरच्या बाजूला लाल दिवा दाखविता येत नाही. मागच्या बाजूला नंबर प्लेट, रिव्हर्स आणि इंडिकेटर असे ठरावीक अपवाद वगळता लालखेरीज दुसरा दिवा चालत नाही. लाल-निळे लुकलुकणारे दिवे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा तातडीच्या वाहनांचे आहेत. खाजगी गाडीला ते लावणे म्हणजे रस्त्यावर खोटे बोलणेच आहे.

सर्वांत जास्त मागणी हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब टाकून देण्याची असते. एच-4 हॅलोजन बल्ब अप्परला 60 आणि डिपरला 55 वॅटचा असतो. हेडलाईटचा परावर्तक त्याच्या तारेच्या नेमक्या जागेनुसार घडविलेला असतो. त्याच खोक्यात एलईडी बल्ब घातला की उजेडाचा उगम बदलतो, डिपरची सरळ कापलेली रेषा मोडते आणि उजेड वर उडतो. चालविणाऱ्याला वाटते की खूप उजेड झाला. समोरून येणारा मोटारसायकलस्वार मात्र क्षणभर आंधळा होतो. ते काम करून घेतलेले चार पैसे हलाल आहेत काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.

मग गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती परत पाठवावे काय? मुळीच नाही. त्याची खरी तक्रार 'दिसत नाही' ही असते, आणि तिच्यावर प्रामाणिक उपाय आहेत. हेडलाईटची पिवळी पडलेली काच घासून पॉलिश करावी. अर्थ आणि कपलर साफ करावेत. बल्बपाशी मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजावे. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. दोष सापडला तर दुरुस्त करावा, त्याच वॅटचा चांगला बल्ब टाकावा आणि शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस जुळवून द्यावा. या कामाची मजुरी हक्काने घ्यावी. गिऱ्हाईक दुवा देत जाते आणि चार माणसांना सांगते.

इंडिकेटरमध्ये एलईडी टाकल्यावर ते भराभर लुकलुकू लागतात, कारण 21 वॅटच्या बल्बऐवजी फार कमी प्रवाह जातो आणि गाडीला बल्ब गेला असे वाटते. काही जण त्यावर रेझिस्टर लावतात. तो रेझिस्टर वीसेक वॅट उष्णता ओकतो आणि प्लास्टिकला टेकला तर ते वितळते. मूळ बल्ब ठेवणेच शहाणपणाचे.

दुकानाचा व्यवहार

या धंद्याला भांडवल फार लागत नाही. मल्टिमीटर, क्रिम्पिंगचा पक्कड, डाख देण्याची इस्त्री, आवळणाऱ्या नळ्या, प्लास्टिकचे पॅनेल उचकटण्याच्या पट्ट्या आणि निरनिराळ्या अँपिअरचे फ्यूज. आयटीआयमध्ये मोटारीच्या विजेचे काम शिकविणारा अभ्यासक्रम आहे, ज्या मुलांना शक्य असेल त्यांनी तो करावा.

भाव सांगताना सामान आणि मजुरी वेगवेगळी सांगावी. फ्यूज, होल्डर, ग्रोमेट आणि स्लीव्ह यांची नावे बिलात लिहावीत, म्हणजे गिऱ्हाइकाला कळते की पैसे कशाचे आहेत. भावात घासाघीस झाली तर पट्टीची लांबी कमी करावी, फ्यूज कधीही कमी करू नये. मालातील दोष सांगून विकणे ही आपल्या व्यापाराची पहिली शिकवण आहे, आणि डॅशबोर्डखाली लपलेला जॉइंट हाही मालच आहे. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही म्हणून कारागिराची जबाबदारी अधिक.

गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीची पुस्तिका आधी वाचून घेण्यास सांगावे. मूळ वायर कापल्यास कंपनी विजेच्या दोषाची जबाबदारी नाकारू शकते. विम्यातही, गाडीच्या मूळ किमतीत न धरलेल्या विजेच्या वस्तूंची वेगळी नोंद करावी लागते. हे आधीच सांगणारा कारागीर एखादे गिऱ्हाईक गमावेल, पण पुढे भांडण ओढवून घेणार नाही.

आता आमच्या व्यापारी बंधूंना दोन शब्द. आपण कापडात अर्धा पैसा सोडत नाही, ही आपली सवय आहे. परंतु कारागिराच्या मजुरीतून कापलेला पैसा कुठून तरी भरून निघतोच, आणि तो कुठून निघाला ते आम्हाला राहूड घाटात समजले. काम देताना भाव विचारावा, पण 'फ्यूज कुठे लावणार?' हेही विचारावे. काम झाल्यावर बॉनेट उघडून तो दाखवायला सांगावा.

त्या मुलाने नंतर आमच्या गाडीची सारी वायर स्वतः काढून पुन्हा बसवून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हता. आम्ही आग्रहाने दिले, पहिल्या वेळी कापलेले धरून दिले. आज त्याच्या टपरीत समोरच एका खिळ्यावर ती जळालेली काळी वायर टांगलेली आहे. कुणी फ्यूजशिवाय स्वस्तात काम मागितले की तो ती काढून त्याच्या हातात देतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हातात हुन्नर आणि रोजीत बरकत देवो. आमीन.